उसने चित्र आणि ब्राउझरचे फडताळ



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना असे वाटले असेल की, वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, अर्थकारण असले भारदस्त विषय सोडून, मोबाइलमध्ये चित्रे कोठे साठतात ह्याची चौकशी कशाला? शंका रास्त आहे. तिचे उत्तर एका घडलेल्या गोष्टीने देतो. म्हणजे विषयाचे महत्त्व आम्हांला पदरचे सांगावे लागणार नाही.

आम्ही एका लहानशा वाचनालयाच्या कामात आहोत. मागे त्या वाचनालयाने एक व्याख्यान ठरविले. जाहिरातीचे चित्र तयार झाले. दिवस, वेळ, सभागृहाचे नाव, सारे त्या चित्रातच होते. वाचनालयाचे स्वतःचे संकेतस्थळ आहे, परंतु तेथे जागा थोडी. म्हणून चित्र एका बाहेरच्या सर्व्हरवर ठेवले आणि आमच्या पानावर नुसता त्याचा पत्ता लिहिला. व्याख्यानाला दोन दिवस उरले असता सभागृह बदलावे लागले. आम्ही नवे चित्र करवून घेतले, जुन्याच्या जागी जुन्याच नावाने ठेवले, एका कार्यकर्त्याच्या मोबाइलवर पान उघडून पाहिले, नवे सभागृह दिसले, आणि काम झाले असे समजून निश्चिंत झालो.

व्याख्यानाच्या दिवशी सत्तरी उलटलेले एक निवृत्त शिक्षक भर उन्हात जुन्या सभागृहाशी जाऊन उभे राहिले. दाराला कुलूप. तास-दीड तास वाट पाहून ते घरी परतले आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात आले. आम्ही म्हणालो, "मास्तर, निघण्यापूर्वी आमचे पान पुन्हा एकदा पाहायचे होते." त्यांनी काही न बोलता खिशातून मोबाइल काढला व आमच्या समोर धरला. पडद्यावर जुने चित्र! "अहो, निघताना पाहिले, त्या दाराशी उभा राहूनही पाहिले. दोनदा नव्याने उघडले. तुम्ही बदलले म्हणता, मग मला बदललेले दिसले का नाही?"

मास्तरांच्या ह्या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधता शोधता जे हाती लागले, ते आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घेऊ की, संकेतस्थळाचे पान म्हणजे छापील पुस्तकाचे पान नव्हे. छापील पानावर मजकूर आणि चित्र एकाच कागदावर, एकाच शाईने उमटलेले असतात. ब्राउझरपुढे येणारे पान ही एक याद असते. अमुक मजकूर घ्या, येथे अमुक पत्त्यावरचे चित्र आणून लावा, अशा सूचना तीत असतात, आणि ब्राउझर त्या यादीप्रमाणे धावाधाव करून पान रचतो. जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९८९ साली ह्या जाळ्याची कल्पना मांडली व १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. मजकुराच्या ओळींतच चित्र बसविण्यासाठी आज जी खूण रूढ आहे ती मार्क अँड्रीसन ह्यांनी १९९३ च्या फेब्रुवारीत सुचविली, आणि त्याच वर्षी मोझेक ह्या ब्राउझराने ती घरोघर पोहोचविली. त्या खुणेत चित्राचा पत्ता लिहावयाचा असतो, आणि तो पत्ता पानाच्याच सर्व्हरचा असला पाहिजे असे बंधन नाही. पान पुण्याच्या संस्थेचे आणि त्यावरील चित्र अमेरिकेतील सर्व्हरचे, हे सहज घडते. वाचकाला मात्र सारे एकाच घरचे वाटते. आमच्या पानावरचे चित्र असे उसने होते.

आता साठवणीकडे वळू. तीच ती चित्रे दर वेळी दूरच्या सर्व्हरवरून आणावयाची म्हटली तर वेळ जातो, वाचकाचा डेटा खर्च होतो, आणि सर्व्हरवरही भार पडतो. म्हणून ब्राउझर एकदा आणलेले चित्र वाचकाच्याच यंत्रात ठेवून देतो व पुन्हा गरज लागली की तेथून काढतो. ह्या साठ्याला कॅश म्हणतात. रोख पैशाच्या कॅशशी ह्याचा संबंध नाही. लपविणे ह्या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून हा शब्द आला आहे. कल्पना ब्राउझरच्याही आधीची आहे. मोठ्या व संथ स्मृतीपुढे एक लहान व चपळ स्मृती ठेवावी, हा विचार केंब्रिजचे मॉरिस विल्क्स ह्यांनी १९६५ साली एका निबंधात मांडला, आणि आयबीएमच्या १९६८ च्या एका यंत्राबरोबर कॅश हा शब्द त्या अर्थाने रूढ झाला. आम्ही आपले त्याला फडताळ म्हणू. वाण्याचे दुकान दूर असले म्हणजे गृहिणी फडताळात चार जिन्नस भरून ठेवते, तसलाच हा प्रकार. फडताळ भरले की फार दिवस न लागलेले जिन्नस बाहेर काढतात, तेही येथे घडते.

परंतु फडताळ म्हटले की शिळेपणाचा प्रश्न आलाच. ठेवलेले चित्र अजून खरे आहे की मूळ ठिकाणी ते बदलले आहे, हे ब्राउझरला कसे कळावे? ह्यासाठी सर्व्हर आणि ब्राउझर ह्यांच्या संभाषणाचे नियम ठरलेले आहेत. १९९६ साली ते पहिल्याने व्यवस्थित लिहिले गेले, १९९७ च्या आवृत्तीत ते पुष्कळच नेटके झाले, आणि आज लागू असलेला साठवणीचा नियमग्रंथ २०२२ चा आहे. त्यांतील सार दोन घरगुती उदाहरणांनी सांगता येईल.

पहिले उदाहरण पंचांगाचे. पंचांगावर ते कोणत्या शकाचे आहे हे छापलेले असते. पाडव्यापासून वर्षभर ते बिनदिक्कत पाहावे, दर एकादशीला ज्योतिषाकडे जाऊन "हे अजून चालते ना?" असे कोणी विचारीत नाही. त्याचप्रमाणे सर्व्हर चित्र देताना त्याबरोबर मुदत लिहून देतो. ह्या सूचनेला मॅक्स-एज म्हणतात आणि ती सेकंदांत मोजतात. ३,१५,३६,००० सेकंद असे लिहिले की ते चित्र ३६५ दिवस चालू समजावयाचे. मुदत आहे तोवर ब्राउझर सर्व्हरकडे फिरकतही नाही.

दुसरे उदाहरण दुधाचे. सकाळचे दूध संध्याकाळी चहात घालण्यापूर्वी थोडे तापवून पाहतात. नासले नसेल तर तेच वापरतात. मुदत सरल्यावर ब्राउझर असेच करतो. चित्र देताना सर्व्हरने त्याच्या शेवटच्या बदलाची तारीख दिलेली असते, किंवा ई-टॅग नावाची एक खूणचिठ्ठी जोडलेली असते. ब्राउझर ती तारीख वा चिठ्ठी परत पाठवून विचारतो, "माझ्याजवळ हे आहे, ह्यानंतर काही बदल झाला आहे काय?" बदल नसेल तर सर्व्हर नुसते ३०४ ह्या अंकाचे उत्तर देतो. बदल नाही, जवळचेच वापरा, असा त्याचा अर्थ. चित्राचा एकही भाग पुन्हा पाठवावा लागत नाही. बदल असेल तर २०० ह्या अंकासह नवे चित्र येते.

सर्व्हरने मुदतच लिहिली नसेल तर? तर ब्राउझरने अदमास करावा अशी मुभा आहे. चित्र शंभर दिवस बदललेले नसेल तर आणखी दहा दिवस ते तसेच राहील असे धरावे, असा एकदशांशाचा ठोकताळा रूढ आहे. सूचनांच्या नावांनी मात्र भल्याभल्यांची फसगत होते. नो-कॅश म्हणजे साठवू नका असे कोणालाही वाटेल. पण त्याचा अर्थ, साठवा, परंतु दर वेळी विचारल्याशिवाय वापरू नका, असा आहे. मुळीच साठवू नये ह्यासाठी नो-स्टोअर ही निराळी सूचना आहे.

आता मास्तरांच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. त्यांनी आमचे पान आठवड्यापूर्वी पाहिले होते. तेव्हा बाहेरच्या सर्व्हरने चित्राबरोबर वर्षाची मुदत दिली होती. फडताळातील वस्तू ओळखली जाते ती तिच्या पत्त्यावरून. आम्ही नवे चित्र ठेवले ते जुन्याच पत्त्यावर. तेव्हा मास्तरांच्या ब्राउझरच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते; वर्षाची मुदत होती, पत्ता तोच होता, त्याने विचारावे कशाला? आमच्या कार्यकर्त्याला नवे चित्र दिसले, कारण त्या गृहस्थाने ते पान पूर्वी कधी उघडलेच नव्हते. त्याचे फडताळ रिकामे होते. ज्याने आधीपासून आस्था दाखविली तो फसला, आणि ज्याने कधी पाहिले नाही त्याला बरोबर दिसले! आमची तपासणी ही अशी होती.

पान दोनदा नव्याने उघडूनही फरक का पडला नाही, ह्यालाही कारण आहे. पूर्वी पान ताजे करण्याचा आदेश दिला की ब्राउझर पानातील प्रत्येक चित्राविषयी सर्व्हरकडे विचारणा करी. परंतु बहुतेक उत्तरे बदल नाही अशीच येत आणि वेळ फुकट जाई. म्हणून क्रोमने ही रीत बदलली व २०१७ च्या जानेवारीत तिचा खुलासा प्रसिद्ध केला. साध्या ताजेपणाच्या आदेशाने मुख्य पानाचीच विचारणा होते. मुदतीतली चित्रे फडताळातूनच येतात. रीत चुकीची नाही. नियम सर्वांनी पाळले तर ती फायद्याचीच आहे. नियम पाळला नव्हता तो आम्ही.

आणि येथेच उसन्या चित्राची खरी गोम आहे. मुदत ठरवितो तो चित्राचा सर्व्हर. पानाच्या मालकाला तीत बोलण्याचा अधिकार नाही. आमचे पान आमचे होते, व्याख्यान आमचे होते, चूक झाली असती तर बोल आमच्या वाचनालयाला लागणार होता. परंतु चित्र किती दिवस खरे मानावे हे आम्ही न वाचलेल्या एका सूचनेत दुसऱ्याने लिहिले होते. आमच्या हाती एकच उपाय होता, आणि तो अगदी सोपा होता: नव्या चित्राला नवे नाव द्यावयाचे व पानावर नवा पत्ता लिहावयाचा. पत्ता बदलला की फडताळातील जुने चित्र आपोआप बाजूला पडते. मोठमोठी संकेतस्थळे हेच करतात. चित्राच्या आशयावरून काढलेला एक अंक नावात गुंफतात. आशय बदलला की नाव बदलते, आणि मग वर्षाची मुदत देण्यास हरकत राहत नाही. हे कधीच बदलणार नाही असे स्पष्ट सांगणारी इम्युटेबल ही सूचनाही २०१७ साली नियमांत आली. नाव तेच ठेवून आशय बदलणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पंचांगाच्या वेष्टनात नवे पंचांग घालणे होय. घरात जुने असलेला मनुष्य ते उघडून पाहणारच नाही.

श्रोतेहो, येथवर काटकसर आणि ताजेपणा ह्यांचा हिशेब झाला. परंतु फडताळाची आणखी एक बाजू आहे, आणि आमच्या मते ती अधिक गंभीर आहे.

फडताळात काय आहे ह्यावरून घरात काय शिजते ते कळते. ब्राउझरचे फडताळही वाचकाचे वाचन सांगू शकते. पुष्कळ वर्षे रीत अशी होती की, एका पत्त्यावरचे चित्र एकदा साठविले की ते कोणत्याही पानाला वापरता येई. एकच उसने चित्र शंभर संकेतस्थळांनी लावले तरी वाचकाला ते एकदाच आणावे लागे. ह्यात बचत मोठी. परंतु ह्याच बचतीत चोरवाट होती. समजा, एखाद्या दुर्धर रोगाची माहिती देणाऱ्या स्थळावर एक विशिष्ट चित्र आहे, ते दुसरीकडे कोठेही नाही. तुम्ही ते स्थळ एकांतात वाचले. नंतर तुम्ही भलत्याच एका स्थळावर गेलात. त्या स्थळाने आपल्या पानात गुपचूप तेच चित्र मागविले आणि ते यावयास किती वेळ लागला हे मोजले. क्षणार्धात आले तर ते फडताळात होते. म्हणजे तुम्ही ते रोगाचे पान वाचलेले आहे. उशीर लागला तर वाचलेले नाही. कुलूप न फोडता, नुसते घड्याळ लावून घरातले कळले! प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन व मायकेल श्नायडर ह्यांनी २००० साली आपल्या निबंधात ही युक्ती उघड करून दाखविली.

खूणचिठ्ठीचाही असाच दुरुपयोग होऊ शकतो. सर्व्हरने प्रत्येक वाचकाला त्याच चित्रासाठी निरनिराळी ई-टॅग दिली, तर पुढच्या विचारणेत ब्राउझर ती इमानेइतबारे परत करतो, आणि सर्व्हरला हा वाचक कोण हे ओळखू येते. दुधाची परीक्षा व्हावी म्हणून केलेली सोय अशी माणसाच्या पाळतीला उपयोगी पडते.

ह्यावर उपाय निघाला तो फडताळाला कप्पे करण्याचा. ज्या स्थळावर असताना चित्र आणले त्या स्थळाच्या कप्प्यात ते ठेवावयाचे. दुसऱ्या स्थळाने तेच चित्र मागितले तर त्याच्यासाठी पुन्हा आणावयाचे. मग घड्याळ लावणाऱ्याला स्वतःचाच कप्पा दिसतो, दुसऱ्याचा नाही. सफारीने ही पद्धत २०१३ पासून धरली, क्रोमने २०२० च्या ऑक्टोबरात आपल्या ८६ व्या आवृत्तीपासून, आणि फायरफॉक्सने २०२१ च्या जानेवारीत ८५ व्या आवृत्तीत. म्हणजे चोरवाट दिसल्यापासून ती बहुतेकांपुरती बुजविण्यास दोन दशके लागली.

ह्याची किंमतही द्यावी लागली. क्रोमच्या कर्त्यांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे, मागितलेली वस्तू फडताळात न सापडण्याचे प्रमाण सुमारे ३.६ टक्क्यांनी वाढले, आणि जाळ्यावरून आणाव्या लागणाऱ्या मजकुराचा वाटा सुमारे ४ टक्क्यांनी. कोणी म्हणेल, ज्याचा डेटा महिनाअखेरीस संपतो त्या गरीब वाचकावर हा जादा बोजा कशाला? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु काटकसर करावयाची ती धन्याच्या हितासाठी. चार पैसे वाचतात म्हणून सर्व बिऱ्हाडांनी एकच फडताळ वापरावे आणि कोणाच्या घरी कोणते औषध आहे हे सर्वांना कळावे, असा वाडा कोणाला आवडेल? गरिबाला आपले दुखणे झाकून ठेवण्याची गरज श्रीमंताहून कमी नसते. उलट, ते उघडे पडले तर नोकरी जाण्याची भीती त्यालाच अधिक. म्हणून हे चार टक्के योग्य कामी लागले असे आमचे मत आहे.

आता, कप्पे झाले म्हणून सारे भागले असे मात्र समजू नये. उसने चित्र आणावयास ब्राउझर जेव्हा बाहेरच्या सर्व्हरकडे जातो, तेव्हा वाचकाच्या जोडणीचा पत्ता, वेळ, आणि बहुधा तो कोणत्या स्थळावरून आला ह्याची बातमी तेथे पोहोचते. पूर्वी त्या पानाचा संपूर्ण पत्ताच जात असे. क्रोमने २०२० पासून परक्या सर्व्हरला नुसते स्थळाचे नाव कळविण्याचा प्रघात ठेवला आहे. फडताळातून चित्र निघते तेव्हा ह्यातले काहीच घडत नाही. न विचारलेल्या सर्व्हरला काही कळतही नाही. ह्या दृष्टीने फडताळ हे वाचकाचे कवच आहे. म्हणूनच ज्यांना वाचक मोजावयाचे असतात ते डोळ्यांना न दिसणारे, एकाच ठिपक्याएवढे चित्र पानात वा पत्रात ठेवतात व त्यावर नो-स्टोअर अशी सूचना लिहितात. कारण ते साठविले गेले तर दुसऱ्या वाचनाची वर्दी मिळणार नाही. जीमेलने २०१३ च्या डिसेंबरपासून पत्रांतील चित्रे आपल्या सर्व्हरांमार्फत आणून दाखविण्यास आरंभ केला, त्यामुळे पत्र पाठविणाऱ्याला वाचकाच्या जोडणीचा पत्ता मिळेनासा झाला. पत्र उघडल्याची बातमी मात्र पूर्णपणे थांबली नाही.

सारांश, पानावर लावलेल्या एका उसन्या चित्रात तिघांचे व्यवहार गुंतलेले असतात. पान पानवाल्याचे, मुदत चित्रवाल्याची, आणि फडताळ वाचकाचे. ह्या तिघांत वाचक सर्वांत दुबळा. कारण पहिल्या दोघांनी काय ठरविले ते त्याला दिसत नाही, आणि परिणाम मात्र त्यालाच भोगावा लागतो. म्हणून जबाबदारी पहिल्या दोघांवर अधिक. आपल्या गावोगावच्या वाचनालयांची, शाळांची, दवाखान्यांची, मंडळांची आता संकेतस्थळे झाली आहेत. ती चालविणाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे. ज्यात दिवस, वेळ वा ठिकाण आहे अशी चित्रे आपल्याच सर्व्हरवर ठेवा. चित्र बदलले तर नाव बदला. महत्त्वाची गोष्ट नुसत्या चित्रात न ठेवता पानावर अक्षरांतही लिहा; ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांनाही ती ऐकू येईल. आणि बाहेरचे चित्र लावण्यापूर्वी स्वतःस विचारा, ह्या चित्राच्या निमित्ताने आपल्या वाचकाची बातमी आपण कोणाच्या दारी पाठवीत आहोत?

आम्ही मास्तरांना भेटून हे सारे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे माझा मोबाइल खोटे बोलत नव्हता. त्याला जे सांगितले होते ते त्याने पाळले." आम्ही होय म्हणालो. "मग ह्यापुढे त्याला नीट सांगत जा," एवढेच ते बोलले. त्यांच्या मुलाने पुढे त्यांच्या मोबाइलमधला साठा पुसून दिला, आणि आमच्या पुढच्या व्याख्यानाला मास्तर वेळेवर, योग्य सभागृहात, पहिल्या रांगेत बसलेले होते. परंतु जे व्याख्यान त्यांचे हुकले ते हुकलेच. ते काही फडताळातून काढून देता येत नाही.